रिकाम्या दिवसाचा कार्यक्रम

पोळा तोंडावर आला की आमच्या गल्लीत मारुतीच्या पारावर खुर्च्या मांडल्या जातात आणि मला बोलावणं येतं. गणपतीच्या दहा दिवसांत कोणत्या दिवशी काय करायचं ते ठरवायचं आणि पाराशेजारच्या फळ्यावर लिहायचं, हे काम गेली पंधरा-वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं आहे, आवाज मोठा आहे आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढ्या भांडवलावर हे काम माझ्याकडे आलं आणि राहिलं.

यंदाही परवा बोलावणं आलं. पावसानं नुकतीच उघडीप दिली होती. पूर्णा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी ओल्या हवेत लांबत गेली. पाराच्या मागच्या वावरात सोयाबीन शेंगांवर आलंय, त्याचा हिरवट, थोडा उग्र वास येत होता. कुणीतरी मंडपाचं कापड वाळत घातलं होतं. वर्षभर पोत्यात राहिलेल्या कापडाचा कुबट वास आणि उकळत्या चहातल्या आल्याचा वास एकत्र झाला की माझ्यासाठी भाद्रपद आला. पूर्वी त्या वासानं अंगात उत्साह यायचा. आता तसं होत नाही. मी पाणी पितो, वही उघडतो, एक ते दहा आकडे घालतो आणि कुठल्या आकड्यापुढची जागा रिकामी राहतेय ते बघत बसतो.

तीन वर्षांपूर्वी अशीच दुसऱ्या दिवसाची जागा रिकामी राहिली होती. त्या दिवशी भजन ठरलं होतं, पण पेटी वाजवणाऱ्यांच्या घरी सुतक आलं. बाकी सगळं फळ्यावर लिहून झालेलं. रांगोळी, लहान मुलांची भाषणं, पाककृती स्पर्धा, नवव्या दिवशी महाप्रसाद. 'भजन' हा शब्द मी ओल्या फडक्यानं पुसला आणि तिथं नुसताच एक काळा पट्टा राहिला. तो काही मला बघवेना. त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानात ओळखीचे दुकानदार म्हणाले, परभणीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, गावोगाव जाऊन बायकांची तपासणी करतात, बोलवायचं का? बोलवा म्हटलं. सकाळी उठून त्या पट्ट्यावर लिहून टाकलं, 'महिलांसाठी आरोग्य तपासणी'. जागा भरली. माझ्या मनात खरोखर तेवढंच होतं.

पण नाव द्यायला कुणीच येईना. रक्तदाब, साखर एवढंच असतं तर रांग लागली असती. छातीची तपासणी आहे हे कळल्यावर बायका फळ्यापुढून पदर सावरत निघून जायला लागल्या. मला भीती वाटायला लागली ती माझ्या फजितीची. डॉक्टरबाई परभणीहून येणार आणि मंडपात रिकाम्या खुर्च्या बघून जाणार.

मी घरी येऊन मंगलला, माझ्या बायकोला, म्हणालो, "तू पहिलं नाव दे. तुझं बघून बाकीच्या येतील."

ती महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेनं घासत बसली होती. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या यायच्या म्हणजे घरातल्या बाईला श्वास घ्यायला उसंत नसते.

"लक्ष्म्या दारात आल्यात," ती मान वर न करता म्हणाली. "फुलोरा व्हायचाय, सोळा भाज्या आणायच्यात. आन् मला काय झालंय?"

"काही झालं न्हाई म्हणूनच जायचं. मास्तरनं फळ्यावर लिहिलं आन् त्यांच्या घरचीच गेली न्हाई, असं म्हणतील लोक."

हे वाक्य आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिच्या तब्येतीचा विचार त्यात नव्हता. ती थोडा वेळ मुखवटा घासत राहिली. मग म्हणाली, "अक्का येत असतील तर जाते. एकटी न्हाई जाणार."

अक्का म्हणजे महानंदाअक्का. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगा हैदराबादला नोकरीला. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय कुणी कितीही हाका मारल्या तरी दुकानाची फळी निघत नाही. महाप्रसादाची वांग्याची भाजी दरवर्षी त्यांच्याच देखरेखीखाली व्हायची. आचारीसुद्धा मीठ घालायच्या आधी त्यांच्याकडे बघायचा.

मी दुकानात जाऊन विचारलं. अक्का साखर तोलत होत्या. "मला काय धाड भरलीय, सर," त्या म्हणाल्या. "पण मंगलला धीर पायजे ना? येते मी तिच्याबरोबर."

झालं तसंच. पहिलं नाव मंगलचं, दुसरं अक्कांचं, आणि त्यांचं बघून पस्तीस-चाळीस बायका आल्या. अंगणवाडीच्या खोलीला पडदे लावले होते. मी बाहेर खुर्च्या सरकवत फिरत होतो, खुशीत होतो. दुपारी डॉक्टरबाईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आभार मानतील.

"तुमच्या मिसेसच्या डाव्या बाजूला गाठ आहे," त्या म्हणाल्या. "चांगली मोठी लागतेय. त्यांच्याबरोबर आलेल्या बाईंनाही हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी आहे. घाबरू नका. पण दोघींना उद्याच परभणीला घेऊन या. सोनोग्राफी करू आणि सुईनं तपासून घेऊ."

संध्याकाळी घरात मी मंगलला विचारलं, तुला कधीच कळलं नव्हतं का. ती फुलोऱ्याच्या करंज्यांना मुरड घालत होती. "दोन वर्षं झाली असतील," ती म्हणाली. "दुखत न्हवतं. मग कशाला सांगायचं?"

दोन वर्षं. एका छताखाली राहत होतो आम्ही. मी रोज गल्लीला पुढच्या आठवड्यात काय काय होणार ते सांगत होतो, आणि घरात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं परभणीला गेलो. मंगल खिडकीशी बसून बाहेर बघत होती. अक्का तिला काकडीच्या फोडी देत होत्या आणि महालक्ष्म्यांच्या आंबिलीला ताक किती दिवसाचं असावं यावर बोलत होत्या. दवाखान्यात सुईच्या तपासणीआधी नर्स म्हणाली, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. मंगलनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. अक्का थांबल्या. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. त्यांनी ते गळ्यातून काढलं, उजव्या मुठीत घट्ट धरलं, आणि तशाच मूठ आवळून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बोटांवर वळ उठले होते.

रिपोर्टला पाच-सहा दिवस लागतील म्हणाले.

ते दिवस कसे गेले हे मला सलग सांगता येत नाही. तुकडे आठवतात. महालक्ष्म्या आल्या. दारापासून देवघरापर्यंत मंगलनं कुंकवाची पावलं काढली आणि 'कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी आली' म्हणत मुखवटे आत आणले. तिचा आवाज नेहमीसारखा होता, तेच मला सहन होईना. जेवणाच्या दिवशी ती पुरण वाटत होती आणि मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो, तो उचलताना तिला दुखतंय का. तिनं ते ओळखलं आणि पाट्यापुढून उठून माझ्याकडे पाठ करून बसली. पुण्याहून मुलीचा फोन आला. लक्ष्म्या छान बसल्यात, एवढंच सांगितलं. मग रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला.

आणि रोज संध्याकाळी माइक. "येत्या रविवारी सकाळी रांगोळी स्पर्धा." "येत्या मंगळवारी लहान मुलांची भाषणं." 'येत्या' हा शब्द तोंडातून निघाला की मनात दुसरीच यादी सुरू व्हायची. येत्या मंगळवारी रिपोर्ट. येत्या दिवाळीला काय? समोर पोरं टाळ्या वाजवायची, मी नावं पुकारायचो, बक्षिसं द्यायचो. कुणी म्हणालं, सर, यंदा कार्यक्रम लय झकास होयलेत. मी हसलो. हसताना गाल ओढल्यासारखे वाटले.

त्या दिवसांत अक्का रोज आमच्याकडे येऊन जायच्या. एकदा मला अंगणात गाठून म्हणाल्या, "सर, तोंड असं करून बसू नगा. तिला दिसायलंय सगळं. तुमी हसा, लटकं का हुईना." मी मान हलवली. अक्का, तुमचं काय, तुम्हाला भीती वाटत नाही का, एवढंही मी विचारलं नाही. त्यांनाही सुई टोचली होती, त्यांचाही कागद परभणीत तयार होत होता, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्यांची गाठ हरभऱ्याएवढी. मंगलची मोठी. मी जणू मापावरून आधीच निकाल लावून टाकला होता.

गणपतीच्या आठव्या दिवशी मी एकटाच रिपोर्ट आणायला गेलो. मंगल येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले, चष्मा लावला.

"मंगलबाईंची साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही. काढून टाकली तरी चालेल, नाही काढली तरी चालेल."

मी खुर्चीत मागं टेकलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या बाईंचं मात्र चांगलं नाही. कॅन्सर आहे. अगदी सुरुवातीला सापडलाय, म्हणून आशा आहे. पण वेळ घालवू नका. उद्याच घेऊन या. मी संभाजीनगरला चिठ्ठी देते."

मी मान डोलावली. कागद घेतले. स्टेशनवर आलो, गाडीत बसलो. आता जे सांगतोय ते मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. परभणी ते मिरखेल मी सुखात होतो. खिडकीतून ओली, हिरवीगार रानं मागं पळत होती, वारा तोंडावर येत होता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, मंगल वाचली. दोन कागद पिशवीत होते आणि मला एकच दिसत होता. मिरखेलला गाडी थांबली. समोर एक म्हातारी आपल्या लेकीच्या डोक्यावरचा पदर सारखा करत होती, आणि एकदम मला अक्कांची आवळलेली मूठ दिसली. त्या आल्या होत्या कशाला? मंगलला धीर द्यायला. मंगल गेली होती कशाला? माझी फजिती होऊ नये म्हणून. मिरखेल ते पूर्णा मी मान खाली घालून बसलो होतो.

स्टेशनवरून घरी न जाता आधी दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अक्का महाप्रसादाच्या मसाल्यासाठी धणे निवडत होत्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या.

"मंगलचं काय निघालं?"

"साधी हाय, अक्का. काही न्हाई."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. ओठ हलले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. पिशवी हातात होती, ती मी दुसऱ्या हातात घेतली.

"माझं हाय म्हणा की मग," त्या हळू म्हणाल्या आणि खाली बसल्या. सुपातले धणे पुन्हा निवडायला लागल्या. पाच-सात दाणे बाजूला काढले. "उद्या महाप्रसाद हाय, सर. दोन दिवसांनी जाऊ. तवर कुणाला सांगू नगा. मंगलला बी न्हाई."

"डॉक्टर उद्याच या म्हणाल्यात."

"दोन दिवसांत काय होतंय?"

मी वाद घातला नाही. बरं म्हणालो. कुणाला नाही म्हणता येत नाही तो माझा स्वभाव त्या दिवशी मला खरा कळला. घरी आलो. मंगलला तिचा निकाल सांगितला. ती देवापुढं बसली, उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "अक्कांचं?"

मी पाणी मागितलं. तिनं दिलं नाही. पुन्हा विचारलं, "अक्कांचं काय?"

मला खोटं बोलता आलं नाही. तिनं ऐकून घेतलं, चप्पलसुद्धा न घालता दुकानाकडे गेली. मी मागं गेलो. ती अक्कांच्या समोर जमिनीवर बसली होती आणि सूप तिनं स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

"माझ्यापायी आलात तुमी," ती म्हणत होती. "आता मी म्हणते ते ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं जायलोय आपण. मी येते तुमच्याबरोबर."

"भाजी कोण बघील?"

"ज्यांनी फळ्यावर लिहिलंय ते बघतील."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परभणीला गेल्या आणि मी मंडपात उभा राहिलो. कढई चढली. आचाऱ्यानं सवयीनं बाजूला बघितलं, तिथं मी होतो. भाजी खारट झाली. लोक जेवताना विचारत होते, अक्का कुठायत? परभणीला गेल्यात, मी सांगत होतो. आजच्या दिवशी? मी भाजीची बादली घेऊन पुढच्या पानाकडे सरकायचो. त्या संध्याकाळी मी माइक हातात घेतला नाही. पुढच्या दिवशीची विसर्जनाची वेळ दुसऱ्या कुणीतरी सांगितली.

नंतर संभाजीनगरला ऑपरेशन झालं. मुलगा हैदराबादहून येऊन महिनाभर राहिला. मग केमोच्या सुयांचे दिवस आले, अक्कांचे केस गेले, जेवणाची चव गेली. दुकान मंगलनं चालवलं. तिला तागडी धरता येत नव्हती, ती शिकली. उन्हाळा लागता लागता अक्का पुन्हा दुकानाच्या गादीवर येऊन बसल्या, डोक्याला मुलाचा जुना मफलर गुंडाळून. गल्लीतल्या बायका मला म्हणायला लागल्या, सर, तुमच्यामुळं अक्का वाचल्या. मी काय सांगणार? भजनवाल्यांकडे सुतक आलं नसतं तर दुसऱ्या दिवशी भजनच झालं असतं. कुणाचा तरी जीव इतक्या पातळ धाग्यावर असतो हे एकदा दिसलं की माणूस निर्धास्त राहू शकत नाही. आता मी वहीत काहीही लिहिलं तरी वाटतं, ह्या जागी दुसरं काही लिहायला हवं होतं का, आणि ते न लिहिल्यानं कुणाचं काय राहून गेलं.

दर सहा महिन्यांनी अक्कांना परभणीला तपासणीला न्यावं लागतं. या वेळची तपासणी कालच होती. मंगलला ताप होता म्हणून मी एकटाच त्यांच्याबरोबर गेलो. गाडीत समोरासमोर बसलो होतो. मिरखेल आलं, आणि का कुणास ठाऊक, मी ते सगळं त्यांना सांगून टाकलं. रिपोर्ट घेऊन येताना मिरखेलपर्यंत मी खुशीत होतो, तुमचा विचारसुद्धा मनात आला नव्हता, हे.

अक्का बाहेर बघत होत्या. "ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी दुकानात आलात तवा डोळे रडलेले होते, पण तोंडावर उजेड होता. तवाच कळलं."

"आन् तरी तुम्ही आधी मंगलचं विचारलं."

"ते मंगलसाठी न्हवतं, सर." त्या माझ्याकडे वळल्या. "माझं इचारायचं भ्या वाटत होतं. म्हणून तिचं इचारलं. आन् साधी हाय म्हणालात, तवा हात जोडले खरे, पण मनात काय आलं सांगू? आलं, की दोघींतली एक सुटली म्हणजे आता मीच. तिचा राग आला मला. एवढासा, पण आला." त्यांनी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवला. "माणसंच हाओत आपण."

दवाखान्यात आम्ही दोन तास बसलो. मग नाव पुकारलं. डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं, कागद बघितले, आणि म्हणाल्या, ठीक आहे, सहा महिन्यांनी या. सहा महिने मिळाले. आम्ही दोघं जिना उतरलो तेव्हा अक्कांनी कठडा धरला नव्हता.

परतीच्या गाडीला वेळ होता. परभणीच्या फलाटावर आमच्या बाकाच्या टोकाला एक बाई येऊन बसली. तिशी-पस्तिशीची, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाइल, आणि फाइलवर दोन्ही हात दाबून धरलेले. एकटीच होती. अक्कांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि सरकून तिच्याजवळ बसल्या.

"कुठली गं तू?"

"गंगाखेडची."

"सुई घालून झाली का घालायचीय?"

त्या बाईनं चमकून वर बघितलं. "उद्या बलावलंय," ती म्हणाली. "घरी कुणाला सांगितलं न्हाई. दुखतं का ओ लय?"

अक्कांनी तिच्या फाइलवरचा एक हात उचलून आपल्या हातात घेतला. तेवढ्यात आमची गाडी येत असल्याची घोषणा झाली. लोक उठले, पिशव्या उचलायला लागले.

"तुमी व्हा पुढं, सर," अक्का मागं न बघता म्हणाल्या. "मी दुसऱ्या गाडीनं येते. मंगलला काढा करून द्या."

गाडी लागली, माणसं चढली, गाडी निघाली. मी चढलो नाही. पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो, त्यांचं बोलणं मला ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.